दीडशे सीसी आणि साठ पावलं

यंदा गणपतीच्या दोन आठवडे आधी ताईचा फोन आला. भाच्याला अठरा पूर्ण झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, लायसन्सही हातात आलं आणि आता त्याला यामाहाची आर-१५ हवी आहे. घरात रोज त्यावरून वाद चालला होता.

"तूच समजाव त्याला, तुझं ऐकतो तो," ताई म्हणाली. "तू पडला होतास ते सांग. चाळीसच्या स्पीडला पडून गळ्याचं हाड मोडलं, तर शंभरला काय होईल, विचार कर म्हणावं."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. त्या 'चाळीस'वर मन अडकलं होतं. बारा वर्षांपूर्वी तो आकडा मीच घरात सांगितला होता आणि तेव्हापासून तो आमच्या घरात तसाच चालत आला आहे.

त्याच रात्री भाच्याने व्हॉट्सॲपवर एक तक्ता पाठवला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मामाला पटवायचं तर आकड्यांनी पटवावं लागेल हे त्याने बरोबर ओळखलं होतं. डाव्या बाजूला माझी २०१२ सालची आर-१५, दुसरी आवृत्ती. ती अजून बेळगावच्या घरी शेडमध्ये झाकून ठेवलेली आहे. उजव्या बाजूला आत्ताची, चौथी आवृत्ती. इंजिन १४९.८ सीसीच्या जागी १५५. ताकद १७ पीएसच्या जागी १८.४. मागचा टायर १३० च्या जागी १४०. वजन १३६ किलोच्या जागी १४२. खाली एक ओळ: "मामा, फार फरक नाहीये बघ. तू घेतली होतीस, मग मी का नको?"

प्रश्न रास्त होता.

आमच्या घरात मोटारसायकलचे आकडे मला पहिल्यांदा बाबांनी वाचायला शिकवले. बाबा आयटीआय झालेले टर्नर. उद्यमबागेतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी लेथ आणि बोअरिंग मशीनवर गेली. त्यांच्याकडे १९९० साली घेतलेली आरएक्स-१०० होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ७५०० आरपीएमला ११ पीएस, आणि वजन फक्त १०३ किलो. टाकीवर पुढे बसून मी तिच्यावरून बालवाडीत गेलो आहे. आमच्या वडगावात तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची.

मी २०१० साली बीई झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि दोन वर्षांनी पैसे साठवून आर-१५ घ्यायचं ठरवलं. बाबांना माहितीपत्रक दाखवलं तेव्हा रंग किंवा किंमत बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "बोअर किती?"

"सत्तावन्न मिलिमीटर."

"स्ट्रोक?"

"अठ्ठावन्न पॉइंट सात."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गणित मांडलं. बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक. उत्तर आलं १४९.८. माहितीपत्रकावर तेवढंच लिहिलेलं होतं. "बरोबर लिहिलंय की," बाबा म्हणाले, आणि मगच पुढचं पान उलटलं.

सिलिंडरपाशी ते पुन्हा थांबले. आरएक्स-१०० च्या सिलिंडरला आत लोखंडी स्लीव्ह असायची. काही वर्षांनी ती झिजली, की सिलिंडर बोअर करून ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. असे किती सिलिंडर बाबांच्या हाताखालून गेले असतील, त्याची मोजदाद नाही. या गाडीत मात्र स्लीव्हच नाही. सिलिकॉनचं प्रमाण भरपूर असलेल्या ॲल्युमिनियमचा अख्खा सिलिंडर, त्याला कंपनी डायासिल म्हणते. हलका असतो, उष्णता लवकर बाहेर टाकतो, झिजतोही कमी. पण झिजलाच तर बोअर करायचा नाही, नवा बसवायचा.

"म्हणजे आमच्या पोटावर पाय," बाबा हसत म्हणाले. पण कागद खाली ठेवला नाही. एवढ्या लहान इंजिनातून १७ पीएस कसे काढले, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

ते मी त्यांना समजावलं, तसंच इथेही थोडक्यात सांगतो, कारण या गाडीचं सगळं मर्म त्यातच आहे. इंजिनची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. दीडशे सीसीमध्ये टॉर्क फार वाढवता येत नाही. या गाडीचा तो जास्तीत जास्त १५ न्यूटन-मीटर, तोही ७५०० आरपीएमला. मग ताकद वाढवायची तर इंजिन जोरात फिरवावं लागतं. जोरात फिरवायचं तर तेवढ्या कमी वेळात हवा आत-बाहेर झाली पाहिजे, म्हणून दोनऐवजी चार व्हॉल्व्ह. उष्णता वाढते, म्हणून पाण्याचं कूलिंग आणि रेडिएटर. पिस्टनवर ताण वाढतो, म्हणून तो फोर्ज केलेला. पेट्रोल नेमकं मोजून जायला हवं, म्हणून कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन. आणि ताकद वरच्या आरपीएमच्या ठरावीक पट्ट्यातच मिळते, म्हणून त्या पट्ट्यात राहता यावं यासाठी सहा गिअर.

८५०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला जवळजवळ १४२ वेळा वर-खाली करतो. हिशेब केला तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर येतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी अंगठा आणि तर्जनीत सहा सेंटिमीटरचं अंतर धरलं आणि त्याकडे बघत राहिले. "एवढ्याशा जागेत साठच्या स्पीडनं पळतंय, आणि दर खेपेला दोन्ही टोकांना थांबतंय," ते म्हणाले. "पळवणं सोपं असतं रे. थांबवणाऱ्यानं काम केलंय."

हे वाक्य ते पिस्टनबद्दल बोलले होते. मला त्याचा दुसरा अर्थ वर्षभराने कळला.

गाडी घरी आली. आईने ओवाळलं, नारळ फोडला आणि एकदाच मागे बसली. मागची सीट वेगळी, उंच आणि तळहाताएवढी. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्यावर ती म्हणाली, "ही गाडी एकट्यासाठीच केलेली दिसते." ते खरंच होतं. हँडल खाली, पाय मागे, छाती टाकीवर. गावात हळू चालवताना सगळा भार मनगटांवर येतो आणि अर्ध्या तासात ती दुखायला लागतात.

पण मोकळ्या रस्त्यावर तीच बैठक उपयोगी पडते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद जवळजवळ आठपट लागते. नुसतं इंजिन मोठं करून म्हणूनच फार काही साधत नाही. आर-१५ चं पुढचं आवरण, म्हणजे फेअरिंग, हवा बाजूला सारतं, स्वार त्याच्यामागे वाकून बसतो आणि १७ पीएसवरही काटा सव्वाशेच्या पुढे जातो. त्यात डेल्टाबॉक्स चौकट. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी जाणारे रुंद पोलादी पट्टे हँडलपासून मागच्या चाकाच्या सांध्यापर्यंत सरळ जातात. त्यामुळे वळणावर गाडी वाकवली की ती डगमगत नाही, ज्या रेषेत टाकाल त्याच रेषेत जाते.

ह्या गाडीचं खरं सुख हेच. ती सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्यांना हरवू शकत नाही, पण वळणावर ती चालवणाऱ्याला वाटायला लावते, की आपल्याला चालवता येतं. तिचा धोकाही तिथेच आहे.

२०१३ च्या जूनची गोष्ट. दोन दिवसांची सुट्टी जोडून मी बेळगावला आलो होतो. मी आणि एक मित्र, दोघं दोन गाड्यांवर, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला निघालो. जांबोटी मागे टाकली की कणकुंबीपर्यंत रस्ता जंगलातून जातो. मलप्रभा उगम पावते तो हा भाग, पावसाळ्यात धुक्यात बुडालेला असतो. पावसाचे पहिलेच दिवस होते. वर्षभराची धूळ आणि तेल पहिल्या सरींबरोबर रस्त्यावर येतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो, हे मला माहीत होतं. पण पाऊस थांबला होता, वळणं मोठी होती आणि गाडी छान लागली होती.

एक वळण संपलं आणि समोर म्हशी. दोन रस्ता ओलांडून गेल्या होत्या, तिसरी मध्येच उभी. मी पुढचा ब्रेक आवळला. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक सगळ्यात जास्त काम करतो. पण तो हळूहळू दाबत न्यायचा असतो, भार पुढे यायला वेळ द्यायचा असतो. मी तो एकदम दाबला. चाक लॉक झालं, आणि फिरायचं थांबलेल्या चाकाला दिशा देता येत नाही. गाडी डाव्या अंगावर पडली, मी एकीकडे आणि ती एकीकडे. ती रस्त्याच्या डाव्या कडेने घासत म्हशीच्या मागून पुढे गेली आणि चरात जाऊन थांबली.

चर जिथे सुरू होतो तिथे एक मुलगा उभा होता. दहा वर्षांचा असेल, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात काठी. गाडी त्याच्यापासून दोन हातांवरून गेली. तो हललाही नाही. नंतर त्याने काठी खाली टाकली, एवढंच मला आठवतं.

हेल्मेट होतं, जाड जॅकेट होतं, त्यामुळे डाव्या गळ्याच्या हाडावर निभावलं. मित्राने वाटेतली एक जीप थांबवून मला बेळगावला आणलं. हॉस्पिटलात आईने पहिला प्रश्न विचारला, "किती स्पीड होता?"

"चाळीस," मी म्हणालो.

मीटरवर शेवटचं पाहिलं तेव्हा सत्तर होतं. मुलाबद्दल मी काही बोललोच नाही. आईला आणखी कशाला त्रास, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढे गाडी दुरुस्त झाली, हाड जुळलं, लग्न झालं, मुलगी झाली. 'चाळीसला पडला तरी हाड मोडलं, वर म्हैस आडवी आली' ही गोष्ट आमच्या घरात आल्यागेल्याला सांगितली जाऊ लागली, आणि मीही ती ऐकत मान हलवायला शिकलो.

यंदा गौरीजेवणाला ताई, भावोजी आणि भाचा घरी आले. संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटला, चहा झाला. भाचा फोनवरचा तक्ता उघडून माझ्याशेजारी येऊन बसला. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ते आता बहात्तरचे आहेत. डोळे मिटलेले असले तरी ऐकत असतात.

बोअर-स्ट्रोकची ओळ आली तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने वाचली. नव्या गाडीचा बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक तोच, ५८.७.

बाबांनी डोळे उघडले. "स्ट्रोक तोच? म्हणजे एक मिलिमीटर बोअर वाढवला, एवढंच की. हे तर आम्ही रोज करत होतो."

सगळे हसले. भाच्याने गणित केलं, १५५.१ आलं. मग तो रंगात आला. नव्या गाडीत इनटेकच्या व्हॉल्व्हला दोन कॅम आहेत. ७४०० आरपीएमपर्यंत एक कॅम काम करतो, त्यामुळे गावातल्या संथ रहदारीत गाडी रडत नाही. त्याच्यावर दुसरा कॅम लागतो, व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि गाडी १०,००० आरपीएमपर्यंत ओढत राहते. त्याला व्हीव्हीए म्हणतात. स्लिपर क्लच आहे, म्हणजे घाईत खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक अडखळत नाही. पुढची डिस्क २८२ मिलिमीटरची, माझ्या गाडीला २६७ ची होती. मी म्हणालो, हे सगळं खरं आहे, गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे. १०,००० आरपीएमला तिच्या पिस्टनचा सरासरी वेग ताशी सत्तर किलोमीटर होतो, हेही त्याला काढून दाखवलं.

"आणि मामा, एबीएस आहे, ड्युअल चॅनल," तो म्हणाला. "तुझ्या गाडीला नव्हतं. पुढचं चाक लॉक झालं म्हणून तू पडलास. ही असती तर पडला नसतास."

एबीएसच्या बाबतीत त्याचं बरोबर होतं. चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सैल करून पुन्हा लावतं, आणि चाक फिरतं राहतं. आपल्या देशात २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं, ते योग्यच झालं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मुलाच्या ह्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर असेल, अशी तिची अपेक्षा होती.

"एबीएसने पडला नसतो," मी म्हणालो. "पण थांबलो असतो का, ते काढून बघ. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धर. ओल्या रस्त्यावर, एबीएस असताना, वेग सेकंदाला पाच मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं धर. आणि म्हैस होती चाळीस मीटरवर."

तो हुशार आहे, कागद-पेन्सिल घेऊन बसला. "चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पहिल्या सेकंदात अकरा मीटर गेले. मग अकराचा वर्ग भागिले दहा, बारा मीटर आणि थोडं. एकूण साडेतेवीस." त्याने मान वर केली. "मामा, पण मग तू थांबला असतास की. सोळा मीटर शिल्लक राहतात. चाळीसला एवढा जोरात ब्रेक मारायची गरजच नव्हती."

खोलीत कुणी काही बोललं नाही. कागदावरचा आकडा मला दिसत होता. मी घाबरून दाबला, अनुभव नव्हता, रस्ता जास्तच निसरडा होता, असं काहीही सांगता आलं असतं आणि सगळ्यांनी ते मानलं असतं.

"आता सत्तरचं काढ," मी म्हणालो.

त्याने काढलं. पहिल्या सेकंदात १९ मीटर, पुढे ३८. एकूण ५७.

"मी सत्तरला होतो," मी म्हणालो. "एबीएस असतं तरी सतरा मीटर कमी पडले असते. उभा राहून म्हशीवर गेलो असतो, एवढाच फरक."

ताई काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "बारा वर्षं चाळीस सांगत आलायस तू आम्हाला." आई आत देवघराशी होती, तिने हे ऐकलं असेल. मी खाली बघत होतो.

"साठ पावलं होती," बाबा म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

"तू हॉस्पिटलात होतास. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गाडी आणायला गेलो. रस्त्यावर पांढरा ओरखडा होता, सुरुवातीपासून चरापर्यंत. चालत मोजला. साठ पावलं. चाळीसला पडलेली गाडी साठ पावलं घसरत नाही." ते थांबले. "त्या पोराच्या घरीही जाऊन आलो. माग काढत गेलो. चहा दिला त्यांनी. त्याच्या आईची माफी मागितली."

मुलाबद्दल घरात कुणाला माहीत नव्हतं. ताईने विचारलं, "कुठलं पोर?" आणि मग तेही मला सांगावं लागलं. सगळं, दोन हातांच्या अंतरासकट.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी बाबांना म्हणालो.

"तुला ठाऊक होतंच की. मी सांगून नवीन काय कळणार होतं?" बाबा म्हणाले. "त्या दिवाळीत गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा मी मागं बसून तुझ्याबरोबर कॅम्पापर्यंत आलो होतो, आठवतंय? एवढ्याशा सीटवर?"

आठवत होतं. आईला ती सीट जमली नव्हती आणि बाबा हौसेने बसतायत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

"मीटर बघत होतो. मोकळा रस्ता होता, पण पंचेचाळीसच्या वर गेला नाहीस. म्हटलं, कळलंय. मग सोडून दिलं."

त्या रात्री मी ओरखड्याचं गणित करून पाहिलं. साठ पावलं म्हणजे साधारण ४५ मीटर. आडवी पडलेली गाडी ओल्या डांबरावर घासत जाते, त्यासाठी घर्षणाचा गुणांक ०.४ धरला, तर सुरुवातीचा वेग येतो ताशी ६८ किलोमीटर. बाबांनी कागद-पेन न घेता, नुसतं चालत जाऊन तो काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधली गाडी काढली. बॅटरी दमली होती, पण थोडी ढकलल्यावर सुरू झाली. दोघांनी हेल्मेट घातली. भाचा मागच्या एवढ्याशा सीटवर. तिलकवाडीतून कुंद्याचा डबा घेतला आणि चाळीस-पंचेचाळीसने, मनगटं दुखवत, जांबोटीच्या पुढे गेलो. रस्ता आता बदलला आहे, तरी ते वळण मला सापडलं. गाडी कडेला लावून आम्ही चाललो. मी मोजत होतो, तो शेजारून चालत होता. तिसाव्या पावलाला तो म्हणाला, "अजून?" पन्नासाव्याला काही बोलला नाही. साठाव्याला चर आला.

घर शोधायला दोन ठिकाणी विचारावं लागलं. तो मुलगा आता गोव्यात कामाला आहे. त्याची आई भेटली. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "तुमचे वडील आले होते टेम्पो घेऊन. बरे आहेत नव्हे?" मी डबा तिच्या हातात दिला आणि जे बारा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, ते म्हणालो. तिने चहा ठेवला.

परतताना भाच्याने विचारलं, "मामा, मग तू घरी काय सांगणार? घेऊ दे की नको?"

"ते तुझे आई-बाबा ठरवतील," मी म्हणालो. "गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. तुला चालवायला आणि ब्रेक लावायला मी शिकवतो, ह्याच गाडीवर, मोकळ्या मैदानात. पण पडलास तर आकडा खरा सांगायचा."

दसरा अजून यायचा आहे आणि ताईचं काही ठरलेलं नाही. पण परवा भाच्याने तक्ता पुन्हा पाठवला. सीसी, पीएस, टायर, वजन, सगळं तसंच आहे, पण एक ओळ खाली सरकलं आहे. सगळ्यात वर त्याने नवी ओळ घातली आहे: ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर. चाळीसला २३.५ मीटर, सत्तरला ५७ मीटर. आणि दोन्ही गाड्यांच्या रकान्यांत, जुन्या आणि नव्या, त्याने एकच आकडा लिहिला आहे.

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय की."